पत्रकार व्हायला काय लागतं? आधी स्वतःच्याच बातमीवर शंका घेता आली पाहिजे

बारावीचा निकाल लागला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी करिअरचं विचारतंच, यंदा माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं विचारलं, "मामा, मला पत्रकारितेत जायचंय, त्याला काय काय लागतं?" प्रश्न साधा होता, पण पुढचे तीन दिवस ग्रुपवर जी जुंपली ती बघून मला हे लिहायला बसावं लागलं. एका काकांचं म्हणणं, डिग्रीशिवाय या लाईनमध्ये कुणी दारात उभं करत नाही, पुण्याला पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ॲडमिशन मिळते का बघ. एक भाऊ म्हणाला डिग्री-बिग्री काही नको, मोबाईल आहे ना हातात, एक ट्रायपॉड घे, माईक घे आणि चॅनल सुरू कर. तिसऱ्यानं सांगितलं हे दोन्ही सोड, पत्रकाराला फक्त निर्भीडपणा लागतो, कुणाच्या बापाला घाबरायचं नाही. आणि एका मावशीनं लिहिलं, पोरीचं बोलणं छान आहे, कॅमेऱ्यासमोर शोभेल. मुलीचा प्रश्न राहिला बाजूला आणि सगळे आपापला गड लढवत बसले.

हाच वाद दरवर्षी 6 जानेवारीला, पत्रकार दिनाला, हॉलमधल्या भाषणांतही ऐकू येतो आणि तिथंही तो असाच चालतो. डिग्री विरुद्ध अनुभव, पेपर विरुद्ध यूट्यूब, निर्भीड विरुद्ध विकलेले. मला हा सगळा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं, कारण तो "पत्रकार कुणाला म्हणायचं" याबद्दल आहे, "बातमी खरी कशी होते" याबद्दल नाही. माझं म्हणणं सरळ आहे. या कामाला लागणारा पहिला गुण म्हणजे आपण आणलेल्या बातमीवर सगळ्यात आधी आपणच शंका घेणं, आणि ती शंका मिटेपर्यंत गप्प बसायची तयारी असणं. भाषा, धाडस, ओळखी, वेग, कायद्याची माहिती हे सगळं लागतंच, पण हा एक गुण नसला तर बाकीचे सगळे मिळून माणसाच्या हातून जास्तच नुकसान करवतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. 2006 सालची गोष्ट आहे, मी तालुक्याला वार्ताहर होतो. रोज सकाळी पोलीस ठाण्यात एक फेरी असायची, ठाणे अंमलदार रजिस्टर वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं-तिघं लिहून घ्यायचो. त्या दिवशी एका गावात बांधावरून मारहाण झाल्याचा गुन्हा होता, आरोपीचं नाव-आडनाव मी घेतलं, गाव माझ्या पायाखालचं होतं, त्या नावाचा माणूस मला माहीत होता, डेअरी चालवायचा. मी फोनवरून बातमी दिली आणि आरोपी डेअरीचालक असल्याचंही माझ्याच मनानं जोडून दिलं. बातमी लागली, माझ्या नावानं लागली. आरोपी मात्र दुसराच होता, त्याच नावाचा, त्याच आडनावाचा, खालच्या आळीतला. आमच्याकडं एकाच गावात एका नावा-आडनावाची चार-चार माणसं असतात हे मला काय माहीत नव्हतं? म्हणून तर मधलं नाव असतं. माझं फक्त एवढंच विचारायचं राहिलं होतं, वडिलांचं नाव काय.

डेअरीवाले मुलाला घेऊन आले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पेपरचं कात्रण होतं, ते त्यांनी घडी उघडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, मुलीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत." मी माफी मागितली, घरी जाऊनही मागितली, आणि चार दिवसांनी आतल्या पानावर खाली तीन ओळींचा खुलासा आला. बातमी पहिल्या पानावर होती. तो खुलासा त्या पाहुण्यांनी वाचला असेल का?

आता बघा, त्या सकाळी माझ्याकडं काय कमी होतं? पत्रकारितेचा डिप्लोमा झालेला होता. मराठी चांगलं होतं, इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, चांगली बांधायचो, पोलिसांशी ओळख होती, घाबरणारा मी कधीच नव्हतो. ग्रुपवर ज्याचा-ज्याचा आग्रह चाललाय ते सगळं त्या सकाळी माझ्या झोळीत होतं, आणि तरीही एका माणसाच्या घरावर मी धोंडा टाकला.

निर्भीडपणावाल्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही, ते या वादातलं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे. राजापूरला 6 फेब्रुवारी 2023 ला पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीनं धडक देऊन फरफटत नेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या वादात ज्याच्याबद्दल त्यांनी बातमी दिली होती त्यानंच गाडी अंगावर घातल्याचा आरोप आहे, आणि ती बातमी त्याच दिवशीच्या पेपरात होती. गुन्हेगारी जगतावर लिहिणारे मुंबईचे पत्रकार ज्योतिर्मय डे यांना 11 जून 2011 ला पवईत भर दिवसा गोळ्या घातल्या. महाराष्ट्रात पत्रकारांवरचे हल्ले रोखायला 2017 साली वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. तेव्हा एसीत बसून "धाडसाची काही गरज नाही" असं मी म्हणणार नाही, म्हणायची माझी लायकी नाही. तालुक्याच्या ठिकाणी वाळूवाल्याच्या विरोधात दोन ओळी लिहायला जे काळीज लागतं ते दिल्लीत सरकारवर अग्रलेख लिहिताना लागतंच असं नाही.

पण धाडसानं बातमी खरी होते का? याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि ते आपण सोयीनं अर्धंच सांगतो. केसरी आणि मराठा 1881 च्या जानेवारीत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी टिळक-आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ चाललाय आणि त्यामागं कारभारी बर्वे आहेत असा आरोप त्यांच्या वृत्तपत्रांतून झाला होता, पुरावा म्हणून काही चिठ्ठ्या हाती आल्या होत्या. कोर्टात त्या चिठ्ठ्या बनावट ठरल्या. 1882 साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातून ते 101 दिवसांनी बाहेर आले. बाहेर आल्यावर जंगी स्वागत झालं हे आपण सांगतो, त्या 101 दिवसांचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच, पण चिठ्ठ्या खोट्या होत्या हे वाक्य भाषणात येत नाही. टिळक-आगरकरांच्यात धाडस कमी होतं असं कुणी म्हणेल का? बुद्धी कमी होती? भाषा? मग काय राहिलं? कागद हातात आल्यावर तो कुणी दिला, का दिला, अक्षर कुणाचं, हे बघायचं राहिलं.

यावर एक चांगला आक्षेप येऊ शकतो, आणि तो मला स्वतःलाही बरेच दिवस छळत होता. 1883 च्या डिसेंबरात हेच महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या इंग्रज सोल्जरशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे केसरीची काळजी मुळात खरीच होती ना? होती. मग चिठ्ठ्यांचं एवढं काय घेऊन बसायचं? मला वाटतं इथंच खरी मेख आहे. काळजी खरी असताना पुरावा खोटा निघाला, म्हणून तर जास्त नुकसान झालं, कारण कोर्टात महाराजांचं काय चाललंय हा प्रश्नच राहिला नाही, चिठ्ठी खरी की खोटी एवढाच राहिला आणि तिथं केसरीची बाजू पडली. खोट्या कागदानं खऱ्या गोष्टीचा गळा असा घोटला जातो. आजही एखाद्या भ्रष्ट अधिकाऱ्याला वाचवायचं असेल तर सगळ्यात सोपा उपाय काय? त्याच्याविरुद्ध एक बनावट कागद पत्रकाराच्या हातात सोडून द्या. बिनधास्त आणि घाईतला पत्रकार तो छापतो, दुसऱ्या दिवशी कागद खोटा निघतो, आणि त्या अधिकाऱ्याचे खरे कारनामे पुढची दहा वर्षं कुणी हातात घेत नाही. नुसता निर्भीड माणूस वापरायला फार सोपा असतो हो.

डिग्रीवाल्यांचंही एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मोबाईलवाल्या चॅनलांवर मी स्वतः बघितलंय, लहान मुलीवर अत्याचार झालाय आणि हा पठ्ठ्या तिच्या घरासमोर उभा राहून गल्लीचं नाव सांगतोय, आजीचा बाईट घेतोय. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, मोठ्या बाईच्या बाबतीतही कायदा तेच सांगतो. हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. कोर्टाचा अवमान म्हणजे काय, आरोपी आणि दोषी यांत फरक काय, संशयिताचं नाव कधी छापायचं, हे कुठंतरी शिकावंच लागतं आणि ते रस्त्यावर आपोआप कळत नाही. त्यामुळं "डिग्रीची गरज नाही" असं म्हणणाऱ्यांनी "शिकायची गरज नाही" असं म्हणू नये, या दोन गोष्टींची गल्लत होतेय.

आणि शिकणं फक्त कॉलेजातच होतं असंही नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 साली खबर लहरिया नावाचं वृत्तपत्र सुरू झालं, गावातल्या बायकांनी चालवलेलं, बऱ्याचजणी दलित, काहींचं शिक्षण मध्येच सुटलेलं. त्यांच्याकडं डिग्री नव्हती, पण त्यांना ट्रेनिंग मिळालं होतं, बातमी म्हणजे काय, दुसरी बाजू कशी घ्यायची, ऑफिसरला प्रश्न कसा विचारायचा. आपल्याकडं दीनबंधु हा पेपर 1880 पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवला, ते गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीत पहाटे किती वाजता लोक आत जातात आणि बाहेर कधी पडतात हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 पासून, त्यामागं त्यांची कित्येक वर्षांची चळवळ आणि लेखणी आहे. कुठल्या पत्रकारितेच्या शाळेत ते गेले होते? ज्या कामाबद्दल लिहायचं ते काम त्यांना आतून माहीत होतं, आणि मला वाटतं हे शिक्षण डिग्रीपेक्षा महाग आहे.

आता ज्या गुणाबद्दल कुणीच बोलत नाही त्याबद्दल बोलतो. आकडे. "मला गणित जमत नाही म्हणून मी मीडियात आलो" हे वाक्य मी इतक्या नव्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी मला दर्पणची आठवण होते. 6 जानेवारी 1832 ला ज्यांनी दर्पण काढलं आणि ज्यांच्या नावानं आपण पत्रकार दिनाला हार घालतो ते बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम त्यांनी बघितलं. मराठी पत्रकारितेची सुरुवातच मोजमाप करणाऱ्या माणसानं केलीय. आणि पुढं या. 23 एप्रिल 1992 ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली की स्टेट बँकेनं एका मोठ्या ब्रोकरला 500 कोटींचा हिशेब पुरा करायला सांगितलंय, आणि त्यातून शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याचं प्रकरण फुटलं. सुचेताबाई धारवाडला संख्याशास्त्र शिकल्या, मग कायदा शिकल्या. सगळा देश ज्या माणसाच्या गाडीचे फोटो छापत होता त्या माणसाकडं पैसा येतो कुठून हा प्रश्न त्यांना पडला, कारण बँकेचा कागद समोर आला तर तो कसा वाचायचा हे त्यांना येत होतं. आवाज चढवून ती बातमी मिळाली असती का? बाईट घेऊन? ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यासमोर घोटाळा टेबलावर उघडा पडलेला असला तरी तो त्याच्यावर चहाचा कप ठेवून निघून जातो.

आमच्या डेस्कवर काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली, नवीन, वर्षभराचा अनुभव. उन्हाळा होता, टँकरच्या बातम्या रोजच्याच, रिकाम्या हंड्यांचे फोटो रोजचेच. ही पंचायत समितीत जाऊन बसली आणि एका टँकरचं लॉगबुक, म्हणजे खेपांची नोंदवही, दोन दिवस बसून वहीत उतरवून घेतलं. बारा हजार लिटरचा टँकर, भरायची विहीर गावापासून 31 किलोमीटर, मधे घाट. रोजच्या खेपा लिहिलेल्या होत्या सहा. तिनं हिशेब मांडला, जाऊन-येऊन 62 किलोमीटर, भरलेल्या टँकरला घाटात अडीच तास धरले, भरायला पाऊण तास, गावात रिकामा करायला अर्धा तास, म्हणजे एका खेपेला पावणेचार तास. सहा खेपांना साडेबावीस तास. ड्रायव्हर एकच, सही एकच. वही घेऊन ती आली तेव्हा सगळा डेस्क उठून उभा राहिला, रात्रपाळीच्या प्रमुखांनी पहिल्या पानाची जागा धरली, टँकर घोटाळा असं हेडिंगसुद्धा पडलं.

आणि ती म्हणाली, सर आज नको, मी अजून ड्रायव्हरला विचारलेलं नाही.

तेव्हा तिच्यावर काय-काय बोलणी झाली ती मी इथं लिहीत नाही. दुसऱ्यांना बातमी लागली तर? पेपर काय थांबतो का? पण ती अडून बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहिरीवर गेली. ड्रायव्हरनं सांगितलं की शेजारच्या गावाचा टँकर वाढवून दिलाय पण त्याचं बुक अजून आलेलं नाही, म्हणून त्याच्याही खेपा याच बुकात चढतात. तिनं दुसरी गाडी बघितली, दोन्ही गावांत जाऊन बायकांना विचारलं, ग्रामपंचायतीतल्या सह्या ताडल्या. सहापैकी चार खेपा खऱ्या निघाल्या. दोन खेपांचं मात्र कुणालाच काही सांगता येईना, ना ड्रायव्हरला ना ग्रामसेवकाला. बातमी एक दिवस उशिरा, चौथ्या पानावर, दोन कॉलम लागली, हेडिंग होतं टँकरच्या दोन खेपांचा हिशेब लागेना. तिचं पहिलं पान गेलं. पण त्या बातमीला कुठूनही खुलासा आला नाही, कारण खुलासा करायला तिनं जागाच ठेवली नव्हती. आणि आदल्या रात्री छापलं असतं तर तो ड्रायव्हर, जो उन्हात दिवसभर घाट चढत-उतरत होता, तो दुसऱ्या दिवशी चोर ठरला असता. मला त्या मुलीचं धाडस कुठं दिसलं म्हणाल तर अधिकाऱ्यासमोर नाही, स्वतःच्या साहेबासमोर आणि स्वतःच्या पहिल्या पानासमोर दिसलं.

वेगाचा मुद्दा राहिलाच. टीव्हीवाले मित्र म्हणतात तुमचं पेपरवाल्यांचं बरंय, तुम्हाला रात्रीपर्यंत वेळ असतो, आमच्या कानात प्रोड्यूसर ओरडत असतो, समोरच्या चॅनलवर स्क्रोल चाललाय तुझ्याकडं का नाही. खरं आहे ते, आणि वेगाला किंमत आहे हेही खरं आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठला रस्ता बंद, कुठं पाणी किती, ही माहिती तासाभराआधी पोचली असती तर काही माणसं गाडीत अडकून मेली नसती. पण त्याच पुरातली दुसरी गोष्ट आठवा. दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटलं, लाट येतेय अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. पाणी आलंच नव्हतं. आता सांगा, वेगानं माणूस वाचतो की मरतो? ते वेगावर नाही, काय पोचवलं त्याच्यावर आहे. 26/11 च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली चॅनलांनी लाईव्ह दाखवल्या आणि तिकडं पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्ही बघत होते, 2012 च्या कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टानं चॅनलांवर त्याबद्दल कडक शब्दांत ताशेरे ओढले. तिथं तर बातमी खोटीही नव्हती, खरीच होती. तिथं चुकलं ते एवढंच की हे दाखवल्यानं आतल्या माणसांचं काय होईल हा प्रश्न कुणी स्वतःला विचारला नाही. आणि 2016 ला दोन हजारच्या नोटेत चिप असल्याचं काही चॅनलांनी सांगितलं, ते सांगायला कुणाच्या जिवाची घाई होती? रिझर्व्ह बँकेला एक फोन करायला किती वेळ लागला असता?

शंका घ्यायची ती फक्त कागदावरही नाही, आपल्या नजरेवरही घ्यावी लागते, आणि हे सगळ्यात अवघड आहे. आंबेडकरांना 31 जानेवारी 1920 ला मूकनायक का काढावं लागलं? तेव्हा मराठीत पेपर काय कमी होते? चांगले लिहिणारे, शिकलेले, तुरुंगात जाऊन आलेले संपादक होते, पण त्यांच्या पानांवर कोण नाही हे त्यांना दिसत नव्हतं. बातमी खरी असूनही पेपर खोटा असू शकतो तो असा. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ 2006 चं एक उदाहरण सांगतात, मुंबईत लॅक्मे फॅशन वीकला 512 पत्रकार पास घेऊन हजर होते, त्या वर्षी कपडे होते कापसाचे, आणि तो कापूस पिकवणारे विदर्भातले शेतकरी आत्महत्या करत होते ते कव्हर करायला बाहेरून आलेले पत्रकार होते सहा. त्या 512 जणांत एकही जण खोटं लिहीत नसेल. पण आपण सगळे इथंच का आहोत, एवढा प्रश्न त्यातल्या किती जणांना पडला असेल?

"आता एआय बातम्या लिहितं, भाषेची काय गरज" असंही ग्रुपवर कुणीतरी म्हणालं. प्रेसनोटची बातमी मशीननं केली तर करू दे, मला त्याचं दुःख नाही. पण विहिरीवर सकाळी सहाला कोण जाणार? आणि भाषा म्हणजे नुसतं छान लिहिणं थोडंच आहे, समोरची बाई "आमचं काय, चाललंय" म्हणते तेव्हा ती काय सांगत नाहीये हे ओळखणं म्हणजे भाषा.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, आणि ते मी प्रामाणिकपणे सांगतो. तालुक्याचे मित्र म्हणतात, शंका घ्यायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. वार्ताहराला महिन्याला मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही, वर वर्धापन दिनाच्या पुरवणीला जाहिरातींचं टार्गेट. ज्या नगराध्यक्षाकडून सकाळी शुभेच्छांची अर्धं पान जाहिरात आणायची त्याच्याच रस्त्याच्या कामावर संध्याकाळी शंका घ्यायची, कशी? पत्रकारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया आयोगाच्या शिफारशी 2011 ला लागू झाल्या, सुप्रीम कोर्टानं 2014 ला त्या वैध ठरवल्या, पण गावातल्या स्ट्रिंगरपर्यंत, म्हणजे कायम नोकरीत नसलेल्या वार्ताहरापर्यंत, त्यातलं काय पोचलं ते स्ट्रिंगरलाच विचारा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याच्या कौतुकाचा शब्दाला शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या पत्रकारांच्या नावाखाली आला, पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचं, सगळं प्रकरण त्यातून उजेडात आलं. ज्यांची नावं त्या बातम्यांवर होती त्यांच्यात गुण नव्हते म्हणून हे झालं असं मी म्हणू शकत नाही, दुकान ज्याचं होतं त्यानं ते केलं. म्हणून "चांगला पत्रकार कसा असावा" अशी भाषणं मालकांनी आणि पुढाऱ्यांनी पत्रकार दिनाला येऊन द्यावीत हे मला मुळीच पटत नाही. पोराच्या पोटात काही नसताना त्याला सचोटी शिकवणं हा अन्याय आहे.

तरीही त्याच प्रकरणात एक गोष्ट आहे. ते उजेडात कसं आलं? कुणीतरी ते पेपर एकमेकांशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. छुपा कॅमेरा नाही, स्टिंग नाही, मोठा सोर्स नाही. पेपर सगळ्यांच्याच घरी येत होते. हे वाचायला पगार वाढायची वाट बघावी लागत नाही, आणि जो असं वाचतो त्याला परिस्थिती पूर्ण गिळू शकत नाही एवढा तरी माझा विश्वास आहे, कारण तालुक्यात अशी माणसं मी बघितली आहेत, शेती करून, मेडिकल दुकान चालवून, संध्याकाळी बसून ग्रामसभेचं इतिवृत्त वाचणारी.

भाचीला मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोन केला. म्हटलं ॲडमिशनचं बघू जूनमध्ये, रानडे असो की आणखी कुठलं, त्याआधी तुझ्या नगरपंचायतीच्या बजेटची प्रत मिळव आणि वाच. तिनं दोन हेलपाटे घातले, प्रत मिळवली. काल रात्री फोन आला, आवाजात नुसता आनंद, "मामा, पाणीपुरवठ्याच्या पानावर खालची बेरीज जुळत नाहीये, चार लाखांचा फरक येतोय, टाकू का स्टेटसला?" मी म्हटलं आधी तू परत एकदा बेरीज कर, आणि सकाळी अकाउंट्सच्या माणसाला जाऊन विचार.